सात माणसं, अकरा नग आणि ‘किंवा तत्सम’ गाडी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कुटुंबाच्या पाच दिवसांच्या प्रवासाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, गावं आणि तारखा काढल्या आहेत. नाती, सामान आणि गाड्या मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत. असे प्रवास आखून देणं हे माझं काम. त्यामुळे यातले निम्मे निर्णय माझे आहेत, आणि जो चुकला तोही माझाच.

माणसं सात. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ७२ च्या, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्यांचा मुलगा, सून आणि पंधरा वर्षांचा नातू. शिवाय त्यांची मुलगी आणि तिचं दोन वर्षांचं बाळ. विमानतळावर उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, पाच दिवसांत सुमारे १,४०० किलोमीटर फिरायचं आणि तिथेच गाडी परत करायची. रस्ता बहुतेक मोठा, एक दिवस घाटाचा. शेवटचा मुक्काम शहरात, तळघरात पार्किंग असलेल्या हॉटेलात.

निमित्त होतं आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाल्याचं. पहिल्याच फोनवर आजोबांनी मला सांगितलं, “बाकी तुम्ही ठरवा, गाडी कॅडिलॅक हवी. तरुणपणी फक्त चित्रात पाहिली आहे.” मुलाने मागून हसत म्हटलं, “बाबा, भाड्याची आहे ती.” त्यावर आजोबा, “म्हणूनच म्हणतोय, विकत घे म्हणत नाही.”

मागणी इतकी स्पष्ट असली की काम सोपं वाटतं. ते तसं नव्हतं.

अडचण

कुटुंबाने मला पाठवलेली तुलना व्यवस्थित होती. मुलाने तक्ता केला होता : कॅडिलॅक एस्कलेड, लिंकन नॅव्हिगेटर, जीप ग्रँड वॅगोनियर, मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स ७. पुढे इंजिनाची ताकद, पडद्याचा आकार, ध्वनियंत्रणेतले स्पीकर. एस्कलेडला ६.२ लिटरचं व्ही ८, ४२० अश्वशक्ती. नॅव्हिगेटरला ३.५ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही ६. ग्रँड वॅगोनियरला २०२२ साली ती परत आली तेव्हा ६.४ लिटरचं व्ही ८, ४७१ अश्वशक्ती. सगळं बरोबर. फक्त हा तक्ता गाडी विकत घेणाऱ्याचा होता.

भाड्याच्या गाडीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, तुम्ही गाडी बुक करत नाही, वर्ग बुक करता. संकेतस्थळावर चित्र एस्कलेडचं असतं, खाली बारीक अक्षरात ‘किंवा तत्सम’. दोन, विकत घेतलेल्या मोठ्या गाडीत सातही सीटा आणि पूर्ण सामान एकाच वेळी क्वचित भरलं जातं. भाड्याच्या गाडीत पहिल्याच तासाला ती वेळ येते. सगळे विमानातून उतरलेले, सगळ्यांच्या बॅगा सोबत. गाडीची सगळ्यात अवघड परीक्षा पार्किंगच्या बाहेर पडण्याआधीच होते.

मी मुलाला सामान मोजायला सांगितलं. टेप लावून, चाकं आणि मूठ धरून. चार मोठ्या बॅगा, प्रत्येकी ७५ × ५० × ३० सेंटिमीटर. चार केबिन बॅगा, ५५ × ४० × २३. घडीची व्हीलचेअर, मिटल्यावर ८५ × ६० × २०. बाळाची घडीची ढकलगाडी आणि औषधांची एक बॅग. एकूण अकरा नग, आकारमान साधारण ८४० लिटर.

आता डिकी. सामान म्हणजे पाणी नव्हे, ओतलं आणि भरलं असं होत नाही. कोपरे, चाकांवरचे फुगवटे, मागच्या काचेचा उतार यांत बरीच जागा वाया जाते. माझा ठोकताळा असा की कंपनीने छापलेल्या लिटरपैकी सत्तर टक्के हाती लागले तर नशीब समजावं. म्हणजे ८४० लिटर सामानाला कागदावर १,२०० लिटर हवेत, तेही सीटांची तिसरी ओळ उभी असताना.

तक्त्यातली निम्मी नावं इथेच गळाली.

लिटरचा घोळ

इथे थोडं थांबावं लागेल, कारण तुलनेत सगळ्यात जास्त फसवणूक याच आकड्याने होते. कोणी मुद्दाम करतं असं नाही, मोजण्याच्या रीतीच दोन आहेत. युरोपातल्या कंपन्या एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून किती मावतात ते मोजतात. ठोकळा २०० × १०० × ५० मिलिमीटरचा. अमेरिकी पद्धतीत घनफुटांत मोजतात, आणि तो आकडा सहसा मोठा निघतो. मर्सिडीज जीएलएस हे चांगलं उदाहरण. तिसऱ्या ओळीमागची जागा युरोपच्या माहितीपत्रकात ३५५ लिटर आहे, अमेरिकेच्या माहितीपत्रकात १७.४ घनफूट, म्हणजे जवळजवळ ४९० लिटर. गाडी तीच, डिकी तीच. मुलाच्या तक्त्यात जीएलएससमोर ३५५ होते आणि एस्कलेडसमोर ७२२. पहिला आकडा एका पट्टीचा, दुसरा दुसऱ्या पट्टीचा. दोन्ही अमेरिकी पट्टीने घेतले तरी एस्कलेड मोठीच ठरते, पण दुपटीने नाही.

बीएमडब्ल्यू एक्स ७ युरोपच्या मापाने ३२६ लिटर. या दोन्ही गाड्या चालवायला सुरेख, पण सात माणसं बसल्यावर त्यांच्यामागे दोनेक मोठ्या बॅगा आणि थोडं किडुकमिडुक एवढंच राहतं. त्या तक्त्यातून गेल्या. रेंज रोव्हर तक्त्यात नव्हतीच, पण ‘लक्झरी एसयूव्ही’ मागितली की काही ठिकाणी तीच पुढे येते. तिच्या साध्या लांबीच्या आवृत्तीत सीटा पाच. सात हव्या तर लांब आवृत्ती लागते.

उरल्या शिडीच्या, म्हणजे ट्रकसारख्या, चासीवरच्या तीन मोठ्या गाड्या. एस्कलेड ५.३८ मीटर लांब, मागे ७२२ लिटर. नॅव्हिगेटर, २०१८ ते २०२४ च्या पिढीची, ५.३३ मीटर, सुमारे ५९० लिटर. ग्रँड वॅगोनियर ५.४५ मीटर, ७७६ लिटर. तिघींपैकी एकीतही १,२०० नाहीत. तिथे पोचते ती फक्त लांब आवृत्ती. एस्कलेड ईएसव्ही ५.७७ मीटर लांब आहे आणि तिसऱ्या ओळीमागे सुमारे १,२०० लिटर देते. नॅव्हिगेटर एल त्यामानाने कमी, साधारण ९७०.

म्हणजे आजोबांची कॅडिलॅक शक्य होती, पण मोठीच कॅडिलॅक.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय : मोठ्या भाडे-कंपनीकडून लक्झरी एसयूव्हीचा वर्ग. या धंद्यात वर्गाची चार अक्षरी खूण असते, अ‍ॅक्रिस कोड म्हणतात तिला. पहिलं अक्षर दर्जाचं, दुसरं गाडीच्या प्रकाराचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधन आणि एसीचं. एल-एफ-ए-आर म्हणजे लक्झरी, एसयूव्ही, ऑटोमॅटिक, एसीसहित. पी-एफ-ए-आर म्हणजे तेच, पण लक्झरीऐवजी प्रीमियम. या चार अक्षरांत सीटा किती हे कुठेच नाही, आणि डिकीचा तर विषयच नाही. ‘एल’ हे अक्षर भाडं वाढवतं, जागा वाढवेलच असं नाही.

दुसरा पर्याय : त्याच कंपनीचा एक पायरी खालचा, प्रीमियम वर्ग. त्या शाखेत या वर्गात शेव्हरोले सबर्बन, जीएमसी युकॉन एक्सएल आणि फोर्ड एक्स्पिडिशन मॅक्स होत्या, सगळ्या लांब. सबर्बन म्हणजे ढोबळपणे ईएसव्हीची साधी बहीण, पाया तोच, लांबी ५.७३ मीटर, मागे १,१७५ लिटर. (सबर्बन हे नाव १९३५ पासून चालू आहे. इतकं जुनं नाव गाड्यांत दुसरं सापडणं कठीण.) भाडं बरंच कमी. आजोबांच्या दृष्टीने मात्र ती ‘कंपनीची गाडी’.

तिसरा पर्याय : टुरोसारख्या सेवेवरून थेट मालकाची गाडी. याचा मोठा फायदा असा की जी दिसते तीच मिळते, ‘तत्सम’ नाही. दोन गाड्या सापडल्या. एक स्वस्त एस्कलेड, २०१९ ची. नाव तेच असलं तरी ही आधीची पिढी. त्या पिढीत मागची दोन चाकं एका अखंड अ‍ॅक्सलने जोडलेली होती. खड्ड्यात तो अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून त्याच्यावरची फरशी उंच ठेवावी लागते. परिणाम म्हणजे तिसऱ्या ओळीत पायांना जेमतेम ६३ सेंटिमीटर, गुडघे हनुवटीला. डिकी ४३० लिटर. २०२१ च्या पिढीत प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, फरशी खाली गेली, पायांची जागा जवळपास ८९ सेंटिमीटर झाली आणि डिकी ७२२ वर गेली. म्हणजे या गाडीच्या बाबतीत मॉडेलच्या नावापेक्षा साल जास्त बोलतं. दुसरी सापडली ती नवी ईएसव्ही, नेमकी हवी तीच. पण भाडं लक्झरी वर्गाच्या दीडपट, पैसे आधी, रद्द केलं तर परत काही नाही, आणि मालकाची गाडी आयत्या वेळी बिघडली तर बदली कोण देणार याचं उत्तर गुळमुळीत.

चौथा : दोन गाड्या. सामानाचा प्रश्न संपतो, खर्चही जवळपास तेवढाच. पण पाच दिवस कुटुंब दोन भागांत. मुलीने ते एका वाक्यात निकाली काढलं. “दादा, मग एकत्र जाण्यात अर्थ काय?”

मोठी सात-आठ सीटांची व्हॅन हाही पर्याय मी मांडला, कारण हिशेबात ती सगळ्यांना हरवते. किआ कार्निव्हल ५.१६ मीटर लांब, म्हणजे एस्कलेडपेक्षा आखूड, आणि तिसऱ्या ओळीमागे ४०.२ घनफूट, सुमारे १,१४० लिटर. फरशी खाली, दार सरकतं, आजींना चढायला सोपं. फोनवर क्षणभर शांतता झाली. मग आजोबा म्हणाले, “पुढचा पर्याय सांगा.”

इंधनाचा मुद्दा तक्त्यात फार मोठा करून मांडला होता, तो मी खोडला. एस्कलेड १०० किलोमीटरला साधारण १४.७ लिटर पिते, नॅव्हिगेटर १३ च्या आसपास. १,४०० किलोमीटरला फरक वीस-पंचवीस लिटरचा. भाड्याच्या रकमेपुढे तो नगण्य.

विम्याकडे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. मुलगा धरून चालला होता की क्रेडिट कार्डासोबत येणारं भाडे-गाडीचं संरक्षण पुरेल. मी त्याला अटी वाचायला लावल्या. अनेक कार्डांत महागड्या गाड्या, काहींत ट्रकच्या चासीवरच्या मोठ्या गाड्या, नाव घेऊन वगळलेल्या असतात. त्याच्या कार्डात पहिली अट होती. म्हणजे एस्कलेडवर ते संरक्षण शून्य. काउंटरचा विमा घ्यायचा तर काच, टायर आणि गाडीची खालची बाजू त्यात आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. बावीस इंची चाकं आणि घाटाचा रस्ता असताना ते कलम शोभेचं राहत नाही. शिवाय लक्झरी वर्गाला डिपॉझिट जास्त. ते पैसे कापले जात नाहीत, पण कार्डावर अडकून राहतात. पाच दिवसांची हॉटेलं त्याच कार्डावर असतील तर मर्यादा मधेच संपते. म्हणून गाडी सुनेच्या नावावर आणि तिच्या कार्डावर घ्यायची, मुलगा दुसरा चालक, असं ठरलं.

पहिला निर्णय, आणि चूक

मी शाखेला तीन प्रश्न लिहून पाठवले. या वर्गात सातपेक्षा कमी सीटांची गाडी देता का? लांब आवृत्ती नक्की देता का? वर्गातली गाडी नसेल तर काय देता? उत्तर आलं : सात सीटा नक्की. लांब आवृत्ती ‘उपलब्धतेनुसार’, विनंतीची नोंद केली आहे. गाडी नसेल तर समान किंवा वरचा वर्ग.

इथे माझी चूक झाली. ‘विनंतीची नोंद’ या शब्दांना वजन नसतं, हे मला माहीत होतं. तरी आजोबांची हौस डोळ्यासमोर होती, शाखा मोठी होती, ताफ्यात ईएसव्ही बऱ्याच असतात असा माझा अनुभव होता. मी लक्झरी वर्ग सुचवला. हिशेब करताना मी त्या वर्गातली सगळ्यात चांगली गाडी धरली. धरायला हवी होती सगळ्यात लहान. लक्झरी वर्गातली सगळ्यात लहान डिकी नॅव्हिगेटरची, ५९० लिटर. प्रीमियम वर्गातली सगळ्यात लहान एक्स्पिडिशन मॅक्सची, सुमारे १,०२०. हे दोन आकडे शेजारी लिहिले असते तर पुढचा प्रसंगच आला नसता. माझ्या वहीत ते दोन वेगवेगळ्या पानांवर होते.

एक गोष्ट मी बरी केली. सुनेला सांगून ठेवलं, “ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी सगळ्या बॅगा भरून पाहा. कोणी घाई केली तरी.”

काउंटरवरचा पाऊण तास

गाडी आली ती नॅव्हिगेटर. आखूड. पांढरीशुभ्र, आत तपकिरी चामडं, दार उघडलं की पायरी आपोआप खाली येणारी. आजी त्या पायरीवर पाय ठेवून एका दमात आत बसल्या आणि म्हणाल्या, “हीच घ्या.”

सुनेने आधी डिकी उघडली. तिसरी ओळ उभी केली. नातवाने आणि मुलाने मिळून भरायला सुरुवात केली. मोठ्या बॅगा उभ्या, एकच ओळ, तीन बसल्या. चौथी आडवी करून वर ठेवली तर काच बंद होईना. ती काढून दोन केबिन बॅगा वरच्या फटीत गेल्या. खाली जमिनीवर राहिले सहा नग : एक मोठी बॅग, दोन केबिन बॅगा, व्हीलचेअर, ढकलगाडी, औषधं. नातवाने फोटो काढून मला पाठवला. फोटोत डिकी गच्च भरलेली, खाली सहा नग, आणि कोपऱ्यात आजोबांचे बूट.

मी फोनवर होतो. पर्याय झटपट मांडले.

छतावर बॅगा बांधायच्या? कराराने मनाई होती, आणि शेवटच्या हॉटेलच्या पार्किंगची उंची २ मीटर. गाडीच १.९४ च्या आसपास.

तिसऱ्या ओळीचा एक भाग पाडायचा? तिथे बसणारी तीन माणसं होती. पुढे मुलगा आणि आजोबा, मधे आजी आणि बाळाची सीट, मागे सून, मुलगी, नातू. एकही जागा रिकामी नाही.

थांबायचं? काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, एक ईएसव्ही संध्याकाळी परत यायची आहे, साधारण तीन तासांनी. परत येणारी गाडी वेळेवर येते आणि लगेच धुऊन मिळते यावर मी पैज लावणार नाही. बाळ विमानात झोपलं नव्हतं.

खालचा वर्ग? सबर्बन दोन उभ्या होत्या. काळी आणि करडी.

मुलाने काळीकडे धाव घेतली. निदान रंग तरी रुबाबदार. सुनेने मात्र दोन्ही गाड्यांच्या आत डोकावून पाहिलं आणि हे तिने केलं नसतं तर पाच दिवस सगळ्यांचे हाल झाले असते. काळीत मधल्या ओळीला अखंड बाक होता. बाकाच्या एका बाजूला बाळाची सीट बांधली की ती बाजू पुढे दुमडता येत नाही, म्हणून मागे जायचं तर दुसऱ्या बाजूचा बाक दुमडावा लागतो. त्या दुसऱ्या बाजूला आजी बसणार. म्हणजे प्रत्येक थांब्यावर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने आधी उतरायचं, मग मागच्यांनी. करडीत मधे दोन सुट्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामध्ये वाट. मागचे तिघं कोणालाही न उठवता आत-बाहेर करू शकत होते. शिवाय मागे बसलेली मुलगी त्या वाटेतून हात घालून बाळाला बाटली देऊ शकत होती.

करडी सबर्बन घेतली. दहा नग मागे गेले, काच बंद झाली, आणि औषधांची बॅग आजींच्या पायाशी राहिली.

आजोबांना कोणी विचारलं नाही, असं मला नंतर कळलं. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

निष्पत्ती

सामानाचा प्रश्न पुन्हा उठला नाही. तिसऱ्या ओळीत तीन मोठी माणसं पाच दिवस बसली आणि तक्रार आली ती फक्त नातवाकडून, तीही चार्जरची. घाटात गाडी जड वाटली, पण सून म्हणाली की मागचं दिसायला कॅमेरा असल्यामुळे लांबीची भीती वाटली नाही. हॉटेलच्या तळघरात उंचीला गाडी बसली, लांबीला नाही. आखलेल्या जागेबाहेर तिचं नाक राहिलं आणि कर्मचाऱ्यांनी ती बाहेर उघड्यावर लावायला सांगितलं.

मात्र आजींना त्रास झाला. सबर्बनची पायरी स्थिर होती, नॅव्हिगेटरसारखी खाली येणारी नव्हती. पहिल्या दिवशी प्रत्येक थांब्यावर मुलगा आणि नातू दोन्ही बाजूंनी धरत होते. संध्याकाळपर्यंत आजींनी उतरणंच टाळायला सुरुवात केली. एका ठिकाणी सगळे खाली उतरून फोटो काढत होते आणि त्या काचेतून पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने दुकानातून प्लास्टिकचं घडीचं स्टूल आणलं. तेवढ्याने फरक पडला. डिकीच्या लिटरमागे लागताना आम्ही सगळे, मी धरून, पायरीच्या उंचीला विसरलो होतो. आजींनी काउंटरवर “हीच घ्या” म्हटलं ते चामड्यासाठी नव्हतं.

पैशांचं सांगायचं तर खालच्या वर्गाची गाडी घेतल्यावर भाड्यातला फरक परत मिळायला हवा होता. काउंटरवरच्या माणसाने तोंडी ‘हो’ म्हटलं. बिलात तो फरक दिसला नाही. उलट दुसऱ्या चालकाचा आकार (जादा शुल्क) जोडलेला होता, जो लक्झरी वर्गात माफ होता आणि प्रीमियममध्ये नाही. ताब्याच्या कागदावर वर्ग बदलल्याची नोंद होती, पण ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ अशी. आमच्या बाजूला कंपनीचं आधीचं लेखी उत्तर होतं, ‘समान किंवा वरचा वर्ग’, आणि नातवाने काढलेला तो फोटो, वेळेसकट. चार पत्रं गेली, जवळपास सहा आठवडे लागले. फरक मिळाला, दुसऱ्या चालकाचा आकार नाही मिळाला.

एक अनपेक्षित फायदा असा की मुलाच्या कार्डाच्या अटींत सबर्बन बसत होती. पण गाडी सुनेच्या नावावर होती. तिच्या कार्डाच्या अटी कोणी वाचल्याच नव्हत्या. काउंटरचा विमा घेतला होता म्हणून निभावलं.

आज वेगळं काय केलं असतं

आधी प्रीमियम वर्ग बुक केला असता. काउंटरवर पोचल्यावर ईएसव्ही समोर उभी असेल तर वरचा वर्ग पैसे भरून घेता येतो, आणि अशी गाडी रिकामी उभी असली की भाव करायलाही वाव असतो. आम्ही उलट्या बाजूने आलो. वरून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर पैसे आणि वेळ गेला.

आजोबांच्या हौसेला मी वेगळं काढलं असतं. पाच दिवस, सात माणसं, अकरा नग यांच्यावर ती लादायची गरज नव्हती. शहरातल्या शेवटच्या संध्याकाळी चालकासह एस्कलेड चार तासांसाठी घेता आली असती. दोघांनीच बसायचं, बॅग एकही नाही. हे मला सुचलं ते विमान परत निघाल्यावर.

सामानाची मापं घेतली तशी गुडघ्याची घेतली असती. म्हणजे जमिनीपासून आजी किती उंचीवर सहज पाय ठेवू शकतात ते घरच्या जिन्यावर पाहायचं, आणि तो आकडा डिकीच्या आकड्याशेजारी लिहायचा. माझ्या मते या एका मुद्द्यावर व्हॅनने बाजी मारली असती, आणि मी ती दुसऱ्यांदा जोर देऊन मांडायला हवी होती. आजोबांनी नाही म्हटल्यावर मी गप्प बसलो. आजींना मी विचारलंच नव्हतं. चारही फोनांत त्यांचा आवाज एकदाच ऐकला होता, “चहा घेतलास का” एवढाच, तोही मुलाला उद्देशून.

आणि वर्ग बदलताना कागदावर ‘गाडी उपलब्ध नसल्याने’ हे शब्द लिहून घेतले असते. त्या तीन शब्दांनी सहा आठवडे वाचले असते.

गाडी परत करताना तपासणाऱ्याने इंधनाचा काटा पाहिला, चाकं पाहिली, आत एक नजर टाकली आणि पावती दिली. विमानात बसल्यावर मुलीच्या लक्षात आलं की स्टूल पुढच्या सीटखालीच राहिलं.